पहिलं संशोधन कसं सुरू करावं: विहिरीवरच्या सुगरणींनी शिकवलेलं

जून उजाडला की बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातली दोन-तीन मुलं स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहतात. "मॅडम, आम्हाला संशोधन करायचंय. टॉपिक द्या." मी टॉपिक देत नाही. रविवारी सकाळी सहाला वही आणि पेन्सिल घेऊन या, एवढंच सांगते.

सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी प्राणिशास्त्र शिकवते. महागडी यंत्रं आमच्या प्रयोगशाळेत नाहीत. पण गावापासून चार किलोमीटरवर माझ्या मामांचं शेत आहे. तिथल्या विहिरीवर एक जुनी बाभूळ वाकून आली आहे आणि पावसाळ्यात तिच्या फांद्यांना सुगरण पक्ष्यांचे खोपे, म्हणजे विणलेली घरटी, लटकतात. माझ्या विद्यार्थ्यांचं संशोधन तिथून सुरू होतं. तुमच्या जवळ विहीर नसेल तर गच्चीवरची मुंग्यांची रांग चालेल, कॉलनीतला बहावा चालेल, ओढ्यातले बेडूक चालतील. अट एकच. जे निवडाल तिथे आठवड्यातून दोन-तीनदा, पदरचे फार पैसे न घालता, जाता आलं पाहिजे. वर्षातून एकदा जंगलात जाऊन सहल होते, नोंदवही भरत नाही.

विहिरीवर पोचल्यावर मी मुलांना अर्धा तास गप्प बसायला लावते. फक्त पाहायचं आणि लिहायचं. मग वह्या वाचतो. जवळजवळ प्रत्येक वहीत पहिलं वाक्य असतं, "सुगरण घरटं बांधत आहे." मी विचारते, सुगरण म्हणजे कोण? नर की मादी? मुलं गोंधळतात. मराठीत सुगरण हा शब्दच स्त्रीलिंगी. घर नीट ठेवणाऱ्या बाईला आपण सुगरण म्हणतो, त्यामुळे घरटं मादीच विणते हे लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. प्रत्यक्षात विणतो तो नर. विणीच्या हंगामात त्याचं डोकं हळदीसारखं पिवळं होतं. मादी चिमणीसारखी मातकट दिसते. मुलांच्या डोळ्यांसमोर पिवळ्या डोक्याचा पक्षी चोचीत गवताची पात घेऊन येत होता, आणि वहीत मात्र शब्दानं सांगितलेलं उतरलं.

म्हणून पहिला धडा हा. दिसलं ते एका रकान्यात, त्यावरून वाटलं ते दुसऱ्या रकान्यात. "६ वाजून ४२ मिनिटं, पिवळ्या डोक्याचा पक्षी लांब हिरवी पात घेऊन आला, डावीकडून तिसऱ्या खोप्यावर बसला" ही नोंद. "घरटं लवकर पुरं करायची घाई दिसते" हा तुमचा अंदाज. अंदाज करायला हरकत नाही, पण दोन्ही एका वाक्यात मिसळले की महिन्याभरानं तुम्हालाच ते वेगळे करता येत नाहीत.

याच पक्ष्यावर आपल्याच किनाऱ्यावर झालेलं काम मी त्या दिवशी सांगते. १९३० साली सालिम अली जर्मनीतून पक्षिशास्त्र शिकून परतले तेव्हा त्यांच्या हातात नोकरी नव्हती. विद्यापीठाची पदवीही नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला राहायला गेले आणि घराजवळच्या झाडावरची सुगरणींची वसाहत त्या पावसाळ्यात रोज पाहत बसले. नर एक खोपा अर्धवट विणून थांबतो. माद्या येऊन तो तपासतात. एखादीला पसंत पडला की ती ताबा घेते, नर तो पुरा करतो आणि लगेच जवळच दुसरा खोपा सुरू करतो, दुसऱ्या मादीसाठी. हे सगळं त्यांनी नोंदींवरून मांडलं. १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) जर्नलमध्ये तो निबंध छापून आला. एक झाड, एक पावसाळा, आणि कोणता खोपा कोणाचा याचा चोख हिशेब. मुलांना मी हे सांगते ते सालिम अली थोर होते म्हणून नव्हे. त्यांच्याकडे तेव्हा होतं त्यातलं बहुतेक सगळं आपल्याकडे आहे, म्हणून सांगते.

आता प्रश्न. सुरुवात करणारा बहुधा इथेच अडकतो, कारण तो फार मोठा प्रश्न घेतो. "हवामानबदलाचा पक्ष्यांवर परिणाम" हा प्रश्न नव्हे, ते एका खात्याचं नाव झालं. प्रश्नात कोणता पक्षी, कुठे, केव्हा आणि काय मोजणार, एवढं तरी आलं पाहिजे. मामा एकदा म्हणाले, "कावळ्यानं काटेरी झाडावर घर केलं की पाऊस दगा देतो बघ. हे तपास की." हा खरोखर तपासता येण्यासारखा दावा आहे. पाऊस सुरू होण्याआधी घरट्यांची झाडं लिहून ठेवायची, मग तालुक्याच्या पर्जन्यमापकाचे आकडे घ्यायचे. पण एका वर्षाला एकच उत्तर मिळणार. दहा-पंधरा वर्षं तेच करत राहिल्याशिवाय बोलता येणार नाही. प्रश्न चांगला, पण पहिला नव्हे. पहिल्याचं उत्तर एका हंगामात मिळावं.

आमचा पहिला प्रश्न असा ठरला: सुगरणींचे खोपे झाडाच्या पूर्वेकडच्या बाजूला जास्त असतात का? तो का सुचला, तर पावसाळी वारा इकडे नैऋत्येकडून येतो. लटकता खोपा वाऱ्याच्या आडोशाला असेल तर कमी झोके खाईल. म्हणजे प्रश्नाच्या मागे एक कारण आहे. आणि मैदानात उतरण्याआधी आम्ही वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहिलं, काय दिसलं तर आम्ही "नाही" म्हणू. हे पान नंतर बदलायचं नाही. कुठल्याही निकालाला "हेच तर आम्हाला वाटत होतं" म्हणता येत असेल तर तुम्ही काही तपासलेलंच नाही.

मग वाचन. आपल्या मुलांना खरी भीती इथे वाटते, कारण शोधनिबंध इंग्रजीत असतात आणि पहिल्या परिच्छेदातच धाप लागते. मी एक क्रम देते. आधी सारांश वाचा. मग थेट आकृत्या आणि तक्ते पाहा. त्यानंतर पद्धतीचा भाग. त्याची भाषा सगळ्यांत साधी असते: आम्ही इतकी झाडं घेतली, या वेळेत गेलो, असं मोजलं. प्रस्तावना आणि चर्चा शेवटी. अडलेला शब्द मागच्या पानावर लिहून त्यापुढे मराठीत स्वतःच्या शब्दांत अर्थ. आठवड्याला एक निबंध नीट वाचला तरी सत्राच्या शेवटी पंधरा होतात. शोधायला गूगल स्कॉलर आहे. बीएनएचएसच्या जर्नलचे जुने अंक बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर मोफत उघडतात. एखादा निबंध पैशांच्या कुलपाआड असेल तर लेखकाला चार ओळींचं नम्र पत्र लिहा. माझ्या अनुभवात बरेच लेखक आनंदानं प्रत पाठवतात.

वाचताना मुलांच्या लक्षात आलं की खोपे पूर्वेकडे जास्त असतात हे आधीच नोंदलं गेलं आहे, आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यापासून आडोसा हेच कारण सुचवलेलं आहे. चेहरे उतरले. "मॅडम, हे तर झालंय." झालंय, पण आपल्या अवर्षणाच्या पट्ट्यात, विहिरीवर वाकलेल्या बाभळींवर, आपण मोजलेलं नाही. दुसऱ्याचं निरीक्षण आपल्या गावी टिकतं का हे प्रामाणिकपणे पाहणं पहिल्या संशोधनाला पुरेसं आहे. मला तर तेच जास्त आवडतं, कारण पद्धत शिकता येते आणि चुकलो तर कुठे चुकलो ते ताडून पाहता येतं.

वही

जाड पुठ्ठ्याची, शिवलेली वही घ्या. सुटी पानं नकोत. पेन्सिलनं लिहा, कारण पावसाच्या थेंबानं शाई पसरते, शिसं पसरत नाही. प्रत्येक पानावर तारीख, पोचल्याची आणि निघाल्याची वेळ, आभाळ, वारा, सोबत कोण. खोडरबर घरी ठेवा. चुकलं तर एक आडवी रेघ, म्हणजे मूळ आकडा वाचता येतो. रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवसाचं पान पुन्हा वाचा. दुसऱ्या दिवशी स्वतःचंच अक्षर परकं वाटायला लागतं.

मोजण्याआधी शब्द पक्के करा. खोपा कशाला म्हणायचं? आमच्या मुलांनी तीन नावं ठरवली. अर्धा विणलेला, मधे आडवी पट्टी असलेला तो "झोका". खाली लांब नळी उतरलेला तो "पुरा". गेल्या वर्षीचा, तपकिरी, विसविशीत झालेला तो "जुना". ताजा खोपा हिरवा असतो आणि उन्हानं तपकिरी होत जातो, त्यामुळे नुसत्या रंगावर जाऊ नका. प्रत्येक प्रकाराचा एक फोटो वहीत चिकटवा. मग दोघांनी एकाच झाडावरचे खोपे वेगवेगळे मोजायचे, एकमेकांना न सांगता. पहिल्या दिवशी आकडे कधीच जुळत नाहीत. ते जुळेपर्यंत खऱ्या मोजणीला सुरुवात नाही. त्यात दोन रविवार गेले तर जाऊ द्या.

आणि शून्य लिहा. ज्या बाभळीवर एकही खोपा नव्हता तिचीही ओळ वहीत हवी. गेलो आणि पक्षी दिसले नाहीत, तर "गेलो, ६ ते ७, पक्षी ०" असं लिहायचं. कोरं पान पाहून नंतर कळत नाही की पक्षी नव्हते की तुम्ही गेलाच नव्हतात. माझ्या मते नवशिक्याच्या वहीतली सगळ्यांत मोठी उणीव ही न लिहिलेली शून्यं.

माझा पहिला हंगाम वाया कसा गेला

हे मी प्रत्येक तुकडीला सांगते. हा प्रश्न पहिल्यांदा हाती घेतला तेव्हा मी एकटीच होते. पूर्ण पावसाळाभर सात विहिरींवर फिरले, खोपे मोजले, दिशा लिहिली. पूर्वेकडे खोपे भरपूर निघाले. मी इतकी आनंदले की मामांच्या ओसरीवर बसून तक्ता रंगवला. मामांनी तो पाहिला आणि विचारलं, "पोरी, तू पांदीनंच आलीस ना सगळीकडं? विहिरीच्या पलीकडं उसात शिरलीस का?"

नव्हते शिरले. सातांपैकी पाच विहिरींवर पाऊलवाट पूर्वेकडून जात होती. पश्चिमेला ऊस होता, चिखल होता, सापाची भीती होती. मी वाटेवरून दिसले तेवढे खोपे मोजले. झाडानं मला उत्तर दिलंच नव्हतं, ते वाटेनं दिलं होतं. त्याहून खोल चूक मग रात्री लक्षात आली. मामांची बाभूळ स्वतःच पूर्वेकडे, विहिरीवर वाकलेली आहे. पश्चिमेला फांद्याच थोड्या. मग खोपे पूर्वेला असणारच! खोपे किती हे मोजलं, पण खोपा बांधता येईल अशा फांद्या कुठे किती हे मोजलं नव्हतं.

तिसरी चूक होकायंत्राची. फोनमधला काटा विहिरीवरच्या मोटारीच्या लोखंडी पाइपाजवळ भलतीच दिशा दाखवतो. लोखंडापासून दहा-बारा पावलं लांब जा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात दोन-तीनदा फिरवा, मग दिशा घ्या, आणि उगवत्या सूर्याशी ताडून पाहा.

त्या वर्षीच्या नोंदी मी फेकल्या नाहीत. वहीवर "दिशेसाठी वापरू नये" असं लिहून ठेवलं आणि कारण लिहिलं. खोपे कोणत्या आठवड्यात सुरू झाले, याच्या नोंदी त्यात अजून कामाच्या आहेत. पुढच्या वर्षीपासून प्रत्येक झाडाला पूर्ण प्रदक्षिणा, आणि खोपे येण्याआधीच चारी बाजूंच्या फांद्यांची मोजणी. आता आम्ही विचारतो, पूर्वेकडच्या खोप्यांचा वाटा पूर्वेकडच्या फांद्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आहे का?

किती झाडं पुरेत

मुलं म्हणतात, एका बाभळीवर चाळीस खोपे आहेत, भरपूर झाले. नाही झाले. एका झाडावरचे चाळीस खोपे म्हणजे चाळीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. सुगरणी थव्यानं, एकमेकांशेजारी विणतात. पहिल्या दोघांनी जी बाजू धरली तिकडेच बाकीचे येऊ शकतात. म्हणून मोजायचं एकक झाड.

संख्याशास्त्राचं पुस्तक उघडण्याआधी मी एक रुपयाचं नाणं काढते. समजा दहा झाडं घेतली, दोन्ही बाजूंना फांद्या सारख्या आहेत आणि पक्ष्यांना दिशेशी देणंघेणं नाही. मग प्रत्येक झाड पूर्वेला झुकेल की पश्चिमेला, हा नाणेफेकीचा खेळ झाला. दहा फेकींत सात किंवा जास्त वेळा छाप पडण्याची शक्यता १०२४ मधली १७६, म्हणजे शंभरात साधारण सतरा. त्यामुळे दहांपैकी सात झाडं पूर्वेकडे निघाली तर नाचू नका, निव्वळ योगायोगानंही तसं सहज घडतं. नऊ किंवा दहा छाप पडण्याची शक्यता १०२४ मधली ११, शंभरात जेमतेम एक. तिथे कान टवकारायचे. मुलं वर्गात नाणी उडवून फळ्यावर हे करतात आणि मग पुस्तकातला "पी" आकडा, म्हणजे निव्वळ योगायोगानं असा निकाल येण्याची शक्यता, त्यांना परका वाटत नाही. सारखी प्रमाणं न धरता प्रत्यक्ष फांद्यांचे आकडे घेतले की गणित थोडं वाढतं. त्यासाठी संख्याशास्त्राच्या सरांकडे जा, पण मोजणीच्या आधी. नोंदी संपल्यावर गेलात तर ते फक्त काय चुकलं ते सांगू शकतील.

हात लावण्याबद्दल मी कडक आहे. खोपा तोडायचा नाही, आत बोट घालायचं नाही, अंडी-पिल्लांचा फोटो काढायला फांदी वाकवायची नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ पासून आहे, आणि तो नसता तरी विणीच्या दिवसांत पक्ष्याला उठवणं वाईटच. अभयारण्यात काम करायचं तर वनखात्याची लेखी परवानगी आधी. शेतात जायचं तर मालकाला विचारून, आणि पावसात कठडा नसलेल्या विहिरीच्या काठावर एकट्यानं कधीच नाही. पडलेला खोपा तिथेच बसून पाहावा. माझी आजी सांगायची, सुगरण ओल्या मातीच्या गोळ्यात काजवे खोचते, रात्री घरात उजेड पडावा म्हणून. खोप्यात मातीचे गोळे खरंच असतात. काजवा मला आजवर एकाही पडलेल्या खोप्यात सापडला नाही. "मला सापडला नाही" एवढंच मी लिहिलं आहे, कारण तेवढंच मला माहीत आहे.

नोंदी आठवड्याच्या आठवड्याला संगणकावर चढवा. एका ओळीत एक झाड, एक भेट. मूळ फाइलला हात न लावता तिची प्रत करून हिशेब करा, आणि वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवा. पक्ष्यांच्या याद्या ईबर्डवर, म्हणजे पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर, टाकत राहा. दिसलेले सगळे पक्षी लिहिलेली पूर्ण यादीच द्या, म्हणजे न दिसलेल्यांचीही नोंद आपोआप होते. २०२३ मध्ये "स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स" हा अहवाल आला, तो ३०,०००हून अधिक पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा होता आणि त्यात ९४२ जातींचा विचार झाला. त्या निरीक्षकांतले बहुतेक तुमच्याआमच्यासारखेच, सकाळी वही घेऊन बाहेर पडणारे.

लिहायला बसाल तेव्हा पद्धतीपासून सुरू करा, ती ताजी असते. निकाल नंतर, प्रस्तावना सगळ्यांत शेवटी. दुसऱ्या तालुक्यातल्या अनोळखी मुलीला तुमची पद्धत वाचून हेच काम जसंच्या तसं करता येईल का, हा माझा निकष. छापण्याची घाई नको. "चार दिवसांत छापू, इतके पैसे पाठवा" अशी पत्रं येतात, ती बाजूला टाका. त्या जर्नलमधले दोन निबंध स्वतः वाचा, संपादक कोण ते पाहा, मग ठरवा.

आणि नावांचं पहिल्याच दिवशी ठरवा, लेखी. मी शिकत असताना दोन हंगाम गोळा केलेल्या माझ्या नोंदी एका निबंधात छापून आल्या. त्यावर माझं नाव नव्हतं. कोणी केलं ते मला इथे लिहायचं नाही. पण ते अजून दुखतं. म्हणून आमच्या वहीच्या दुसऱ्या पानावर कोण काय करणार आणि निबंधावर कोणाची नावं कोणत्या क्रमानं येणार हे लिहून सगळ्यांच्या सह्या असतात. माझीसुद्धा. ज्या मामांनी उसाचा प्रश्न विचारला त्यांचे आभार निबंधात असतात, आणि छापील प्रत मी त्यांना वाचून दाखवते.

वेळेचं म्हणाल तर जूनची वाट पाहू नका. ऑक्टोबरात पिल्लं उडून गेली की रिकामे, तपकिरी खोपे लांबूनही दिसतात. तेव्हाच गावभर फिरून झाडं निवडायची, खोपे असलेली आणि शेजारची नसलेलीही. प्रत्येकाला क्रमांक द्या, जागेचं चित्र काढा, मालकाची परवानगी घ्या. ऊस तुटल्यावर पश्चिमेकडूनही झाडाला जवळ जाता येतं. तेव्हा चारी बाजूंच्या फांद्या मोजून घ्या. यंदाची मामांची बाभूळ आमच्या वहीत झाड क्रमांक १ आहे: पूर्वेला १९ फांद्या, पश्चिमेला ६.